हँडहेल्ड कन्सोल हॅक करण्यापूर्वी : फर्मवेअरची आवृत्ती कशी वाचावी आणि तिच्यावरून काय ठरवावे

पुण्यात हातात धरून खेळायचा जुना कन्सोल, म्हणजे सोनीचा पीएसपी, व्हिटा किंवा निन्टेन्डोचा थ्रीडीएस, घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता बहुधा कौतुकाने सांगतो, "दादा, लेटेस्ट अपडेट मारून ठेवलंय, काही बघायला नको." फोन घेताना हे वाक्य ऐकून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याला त्या यंत्रावर होमब्रू, म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले आणि कंपनीची मान्यता नसलेले प्रोग्राम चालवायचे आहेत, त्याने हे ऐकल्यावर पैसे काढण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : अपडेट केले ते नेमके कोणत्या आवृत्तीपर्यंत? एकाच रंगाची आणि एकाच मॉडेलची दोन यंत्रे शेजारी ठेवली, तरी फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आकड्यातील फरकामुळे एकाचे काम चहा होईपर्यंत उरकते आणि दुसऱ्यासाठी निराळी साधने, निराळा मार्ग आणि बराच जास्त संयम लागतो.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक बटण केव्हा दाबायचे याची यादी येथे दिलेली नाही, कारण तशा याद्या काही महिन्यांत शिळ्या होतात. कोणती माहिती कोणत्या क्रमाने गोळा करायची आणि तिच्यावरून पुढचे पाऊल कसे ठरवायचे, एवढाच येथील विषय आहे.

आवृत्तीचा आकडा काय सांगतो

कन्सोल सुरू केल्यावर सर्वांत आधी प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बूटरॉम म्हणतात. तो बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा पुढचा प्रोग्राम, वाचतो, त्यावरील डिजिटल स्वाक्षरी कंपनीचीच आहे का हे तपासतो आणि मगच त्याच्या हाती कारभार देतो. बूटलोडर याच पद्धतीने कर्नेलची, म्हणजे यंत्राचा मध्यवर्ती कारभार पाहणाऱ्या भागाची, तपासणी करतो, आणि कर्नेल आपल्यासमोर दिसणाऱ्या मेनूची, ब्राउझरची व खेळांची. बूटरॉम वगळता या साखळीतील जवळजवळ सर्व कड्या फ्लॅश मेमरीत असतात, म्हणून त्या अपडेटने बदलता येतात. आपण ज्याला फर्मवेअर म्हणतो तो हाच बदलता येणारा भाग, आणि सेटिंग्समध्ये दिसणारा आकडा त्याचाच असतो.

हॅक करणे म्हणजे या साखळीतील एखाद्या कडीत राहून गेलेली चूक शोधून, स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम तेथून आत नेणे. चूक ब्राउझरमध्ये किंवा चित्रे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये असेल, तर कंपनी पुढच्या अपडेटमध्ये ती दुरुस्त करते आणि तो मार्ग बंद होतो. चूक बूटरॉममध्येच असेल, तर विकल्या गेलेल्या यंत्रांपुरती ती कंपनीलाही दुरुस्त करता येत नाही. कुलूप कधीही बदलता येते, पण चौकट भिंतीबरोबरच बांधलेली असते. म्हणूनच काही कन्सोलच्या बाबतीत "आवृत्ती कोणती?" हा प्रश्न निर्णायक असतो, तर काहींच्या बाबतीत "यंत्र कोणत्या काळात तयार झाले?" हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरतो. नवखा माणूस बहुतेक वेळा या दोन प्रश्नांतच गल्लत करतो.

याखेरीज आणखी एक भेद समजून घ्यावा. काही मार्गांनी मिळालेली मोकळीक तात्पुरती असते. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले की ते मूळ स्थितीत येते आणि तो प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो. काही मार्ग कायमस्वरूपी असतात, कारण त्यांत यंत्र सुरू होतानाच्या साखळीत बदल केलेला असतो. कायमस्वरूपी मार्ग सोयीचा असतो, मात्र त्यात चूक झाल्यास यंत्र सुरूच न होण्याचा, म्हणजे ब्रिक होण्याचा, धोकाही अधिक असतो. आपल्या आवृत्तीवर यांपैकी काय उपलब्ध आहे, हे आधी कळले पाहिजे.

पहिली पायरी : दुकानातच मॉडेल आणि आवृत्ती पाहणे

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घ्या, रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात घ्या किंवा कोथरूडमधल्या एखाद्या घरी जाऊन घ्या. यंत्र जागेवर सुरू करून पाहिल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. पीएसपीवर सेटिंग्समधील सिस्टिम सेटिंग्स आणि त्यातील सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यावर सिस्टिम सॉफ्टवेअरचा आकडा दिसतो. व्हिटावर सेटिंग्स, सिस्टिम आणि मग सिस्टिम इन्फर्मेशन असा मार्ग आहे. थ्रीडीएसवर सिस्टिम सेटिंग्स उघडताच वरच्या पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ११.१७.०-५०ई अशा धर्तीचा मजकूर येतो. त्यातील शेवटचे अक्षर यंत्र कोणत्या प्रदेशासाठी बनले ते सांगते. ई म्हणजे युरोप, यू म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान. जपानी थ्रीडीएसचे मेनू जपानी भाषेतच असतात, हे न पाहता केवळ किंमत पाहून घेणाऱ्याला घरी आल्यावर पहिल्याच पडद्यावर अडखळायला होते.

आकड्यासोबत मॉडेल क्रमांकही टिपून घ्यावा. पीएसपीचा १०००, २०००, ३०००, पीएसपी गो या मॉडेलचा एन१००० आणि पीएसपी स्ट्रीटचा ई१००० हे क्रमांक यंत्राच्या लेबलवर छापलेले असतात. ई१००० मध्ये वाय-फाय नाही, त्यामुळे त्यावर सर्व फाइली यूएसबी केबलने किंवा मेमरी स्टिकवरूनच न्याव्या लागतात. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलच्या बाबतीत खालच्या कडेवरील अनुक्रमांकाचा फोटो काढून घ्यावा. त्याचे कारण पुढे येईल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आधीच हॅक झालेल्या यंत्रावर दिसणारा आकडा खरा असेलच असे नाही, कारण अनेक कस्टम, म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी बदललेल्या, फर्मवेअरमध्ये दाखवण्याचा आकडा बदलण्याची सोय असते. आकड्यामागे अनोळखी अक्षरे जोडलेली दिसली किंवा मेनूत अपरिचित आयकॉन आढळले, तर यंत्र कोणीतरी आधीच हाताळले आहे असे समजावे. यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु मग नव्या यंत्रासाठीच्या सूचना त्यावर आंधळेपणाने चालवू नयेत, आणि आधीच्या मालकाने काय केले होते ते शक्य असल्यास विचारून घ्यावे.

जपान किंवा अमेरिकेतून आलेल्या यंत्रासोबतचा अडॅप्टर लावण्यापूर्वी त्यावर छापलेले इनपुट व्होल्टेज वाचावे. १०० किंवा १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला, तर फर्मवेअरचा विचार करण्याची वेळच येणार नाही.

दुसरी पायरी : काहीही अपडेट न करणे

घरी आल्यावर वाय-फायचा पासवर्ड टाकण्याचा मोह आवरावा. व्हिटा किंवा स्विच नेटला जोडले, की अपडेट उतरवून घेण्याची किंवा ते करण्याचा आग्रह धरण्याची शक्यता असते, आणि एक चुकीचे बटण दाबले गेले की हातातला सोपा मार्ग निघून जातो. पीएसपीच्या काळात तर खेळांच्या यूएमडी डिस्कवरच अपडेट येत असे. नवा खेळ सुरू करण्यासाठी विशिष्ट आवृत्ती लागे, आणि अपडेट केले नाही तर खेळ चालत नसे. म्हणून जुनी यूएमडी घातल्यावर अपडेटचा प्रश्न आला तर आधी नकार द्यावा.

हा नियम मात्र कायमचा नाही. काही यंत्रांवर शेवटच्या आवृत्तीपर्यंत जाणे हाच सध्या सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. नियमाचा हेतू एवढाच, की निर्णय माहिती मिळाल्यानंतर घेतला जावा, कारण वर जाणे नेहमी सोपे असते आणि खाली येणे क्वचितच. खाली येण्याला डाउनग्रेड म्हणतात, आणि कंपन्या ते अडवण्यासाठी बरेच कष्ट घेतात.

पीएसपी : आवृत्त्यांच्या पाठलागाचा जुना धडा

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी विक्रीस आला. त्यावरील १.०० आवृत्ती स्वाक्षरी नसलेले प्रोग्राम सरळ चालवीत असे; हॅक करण्याची गरजच नव्हती. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या यंत्रांवर १.५० होती आणि तिने ही वाट बंद केली. पण त्याच वर्षी जूनमध्ये मेमरी स्टिकवरील फोल्डरांच्या नावात टक्क्याचे चिन्ह घालून तिची तपासणी चुकवता येते हे उघड झाले. २.०० आवृत्तीत टिफ प्रकारच्या चित्रफाइली वाचणाऱ्या भागात चूक सापडली, आणि तिच्या आधारे लोक यंत्र पुन्हा १.५० वर नेऊ लागले. सोनीने २.०१ आणून ती दुरुस्त केली. पुढे एका लोकप्रिय खेळाच्या सेव्ह फाइलमधून वाट निघाली, मग आणखी एका खेळातून. अशा वेळी तो खेळ कोणाला खेळायचा नसतानाही त्याच्या जुन्या डिस्कची मागणी वाढत असे. १.५० वर राहिलेल्या यंत्राला त्या काळात जे मोल होते, त्यामागचे कारण हेच.

२००७ मध्ये या खेळाचे स्वरूप पालटले. बॅटरीच्या आतील चिपमध्ये एक अनुक्रमांक असतो आणि तो विशिष्ट मूल्यावर बदलला, तर पीएसपी स्वतःला दुरुस्ती केंद्रात असल्याचे समजून मेमरी स्टिकवरून सुरू होतो, हे तेव्हा उघड झाले. या पँडोरा बॅटरीमुळे १००० आणि सुरुवातीच्या २००० मॉडेलांवर कोणतीही आवृत्ती असली तरी हवे ते फर्मवेअर घालता येऊ लागले, इतकेच काय, ब्रिक झालेली यंत्रेही परत सुरू होऊ लागली. सोनीने उत्तरार्धातील २००० च्या मदरबोर्डमध्ये आणि पुढे ३००० मध्ये ही वाट बंद केली. डार्क अॅलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रामरची कस्टम फर्मवेअर त्या वर्षांत जगभर वापरली गेली, आणि ३००० घेणाऱ्यांना मात्र बराच काळ हात चोळत बसावे लागले.

आज पीएसपी हाती आला तर यांतील बहुतेक इतिहास केवळ समजून घेण्यासाठी आहे. सोनीने २०१५ मध्ये ६.६१ ही शेवटची आवृत्ती दिली. आता तिच्यापुढे काही येणार नसल्याने होमब्रू मंडळींनी आपले सर्व प्रयत्न ६.६० आणि ६.६१ वर एकवटले आहेत. त्यामुळे येथे नवख्याने उलट दिशेने जावे : आवृत्ती जुनी असेल तर अधिकृत ६.६१ बसवावी आणि मग तिच्यावर चालणारे एआरके-४ सारखे कस्टम फर्मवेअर घ्यावे. अधिकृत अपडेटची ईबूट फाइल मेमरी स्टिकवरील पीएसपी, त्यातील गेम आणि त्यातील अपडेट या फोल्डरात ठेवावी लागते. एआरके-४ चा एक फोल्डर सेव्हडेटामध्ये आणि त्याचा लोडर गेममध्ये जातो. फोल्डरांची नावे एका अक्षरानेही बदलू नयेत. यंत्र स्लीपमध्ये ठेवले तर कस्टम फर्मवेअर टिकते, पण पॉवरची सरकपट्टी काही क्षण वर धरून पूर्ण बंद केले, तर लोडर पुन्हा चालवावा लागतो. हा त्रास टाळण्यासाठी डेव्ही यांचे इन्फिनिटी हे कायमस्वरूपी साधन आहे. परंतु पहिले काही आठवडे तात्पुरत्या मार्गानेच काम चालवावे, असे माझे मत आहे, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

फक्त एका प्रसंगी ६.६१ बसवू नये. मूळ १.०० किंवा १.५० आवृत्तीवरचा पीएसपी-१००० अजूनही न बदललेल्या अवस्थेत सापडला, तर तो संग्राह्य आहे. खेळण्यासाठी दुसरा पीएसपी घ्यावा.

व्हिटा : दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे

व्हिटाच्या बाबतीत ३.६० आणि ३.६५ हे दोन आकडे पाठच असावेत. २९ जुलै २०१६ रोजी टीम मॉलिक्यूल या गटाने हेन्काकू हे हॅकचे साधन प्रसिद्ध केले, ३.६० वरील व्हिटाच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडले, की काम होत असे. त्यानंतरच्या अपडेटने ब्राउझरमधील ती चूक बंद झाली. पण खरी महत्त्वाची गोष्ट २०१७ मध्ये घडली : यंत्र सुरू होतानाच्या टप्प्यातील एका चुकीचा उपयोग करणारे एन्सो हे साधन आले आणि हेन्काकू कायमस्वरूपी झाले. ती चूक ३.६५ पर्यंतच आहे, ३.६७ मध्ये सोनीने ती दुरुस्त केली. म्हणून पुढच्या आवृत्त्यांवर व्हिटा हॅक होतो, पण ते तात्पुरते राहते.

३.६५ ते ३.६८ या आवृत्त्यांसाठी २०१८ मध्ये एच-एन्कोर आले, पुढच्या वर्षी त्याच्या सुधारित रूपाने ही मर्यादा ३.७३ पर्यंत नेली, आणि शेवटच्या ३.७४ साठी ब्राउझरमधूनच चालणारे हेन्लो उपलब्ध आहे. आता प्रश्न असा, की ३.७४ वर असलेल्या माणसाने तात्पुरत्या मार्गावर समाधान मानावे का? तशी गरज नाही. एकदा हॅक झाल्यावर मोदोरू किंवा व्हिटाडिप्लॉय यांसारख्या साधनांनी यंत्र ३.६५ वर खाली आणता येते आणि मग तेथे एन्सो बसवता येते.

येथे एक अट आहे, आणि ती दुर्लक्षिली तर यंत्र कायमचे जाऊ शकते : कारखान्यातून निघताना व्हिटावर जी आवृत्ती होती, तिच्याखाली त्याला नेऊ नये. उशिरा तयार झालेल्या काही व्हिटांवर मूळ आवृत्तीच ३.६५ च्या वरची असू शकते. डाउनग्रेडच्या साधनाने मूळ आवृत्ती दाखवली, तर ती वहीत लिहून ठेवावी आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. घाईत असलेला माणूस हीच ओळ वाचायची सोडतो.

एन्सो बसल्यावर व्हिटाचे अधिकृत अपडेट कधीही करू नये. त्याने केलेला हॅक पुसला जाऊन यंत्र पुन्हा शेवटच्या आवृत्तीवर जाते आणि सर्व काम पुन्हा करावे लागते.

थ्रीडीएस : चौकटीतील चूक, पण दरवाजा आवृत्तीचा

थ्रीडीएसच्या बूटरॉममध्ये स्वाक्षरी तपासणाऱ्या भागातच चूक आहे. बनावट स्वाक्षरी खरी म्हणून स्वीकारली जाऊ शकते. डिसेंबर २०१६ मध्ये हॅम्बर्ग येथील केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये ती जाहीर झाली आणि मे २०१७ मध्ये तिच्यावर आधारलेले बूट९स्ट्रॅप सर्वांसाठी आले. ही चूक कोणत्याही अपडेटने बंद होणार नाही.

मग आवृत्तीने फरक कसा पडतो? बूटरॉमची चूक वापरायची, तर तयार केलेली फाइल यंत्राच्या अंतर्गत मेमरीत लिहावी लागते आणि त्यासाठी आधी आत शिरण्याची वाट लागते. ती वाट आवृत्तीवर अवलंबून असते. पूर्वी ९.२ या आवृत्तीवर यंत्र खाली आणण्याची धडपड होत असे, कारण तेथील कर्नेलमधील चूक उपयोगी होती. आता त्याची आवश्यकता राहिलेली नाही. निन्टेन्डोने ई-शॉप हे आपले ऑनलाइन दुकान बंद केल्यानंतरही मे २०२३ मध्ये ११.१७ ही आवृत्ती आणली, आणि तिने त्या वेळी प्रचलित असलेले काही मार्ग बंद केले. पुढे एमसेट९ हे साधन आले, जे ११.४ पासून ११.१७ पर्यंत चालते आणि ज्यासाठी एसडी कार्ड व संगणक एवढेच लागते. कोणत्याही आवृत्तीवर, अगदी ब्रिक झालेल्या यंत्रावरही चालणारा एक मार्ग म्हणजे विशिष्ट डीएस फ्लॅशकार्ट (खेळाच्या कार्डासारखे, पण आपल्या फाइली भरता येणारे कार्ड) आणि चुंबक यांचा. झाकण बंद असल्याचा भास चुंबकाने निर्माण करून ठरावीक बटणे धरावी लागतात. पहिल्या प्रयत्नात मात्र या वाटेला जाण्याचे कारण नाही.

बूट९स्ट्रॅप आणि ल्युमा३डीएस हे कस्टम फर्मवेअर एकदा नीट बसले, की अधिकृत अपडेट करण्यास हरकत नसते. व्हिटाशी तुलना केली तर हा नियम नेमका उलटा आहे, आणि घरात दोन्ही यंत्रे असणाऱ्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवावा. एसडी कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठे असेल तर विंडोज त्याला थ्रीडीएसला लागणारे फॅट३२ स्वरूप स्वतःहून देत नाही. त्यासाठी वेगळे फॉरमॅट साधन वापरावे लागते.

स्विच : आधी अनुक्रमांक, मग आवृत्ती

स्विच हा हातातही धरता येतो आणि टीव्हीलाही जोडता येतो, तरी या चर्चेत तो येतोच. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममधील फ्यूझी जेली ही चूक जाहीर झाली. रिकव्हरी मोडमध्ये यूएसबीवरून आलेल्या विनंतीची लांबी नीट न तपासल्यामुळे मेमरीत अधिक मजकूर घुसवता येतो, असे तिचे स्वरूप आहे. त्या आधी बनलेल्या यंत्रांवर ती कायम आहे, मग आवृत्ती कोणतीही असो. २०१८ च्या मध्यानंतर तयार झालेल्या यंत्रांत कारखान्यातच दुरुस्ती करण्यात आली. २०१९ मधील नवी चिप असलेले मॉडेल, स्विच लाइट आणि २०२१ चे ओलेड मॉडेल यांवर हा मार्ग चालत नाही. त्यांच्या आतल्या सर्किटवर मॉडचिप नावाची जादा चिप लावावी लागते, म्हणजे अतिशय बारीक सोल्डरिंग. नवख्याने ते स्वतः करू नये.

म्हणूनच अनुक्रमांकाचा फोटो आधी काढायचा. कोणत्या अनुक्रमांकांची यंत्रे दुरुस्त झालेली आहेत याचे तक्ते उपलब्ध आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या संशयास्पद पट्ट्यात क्रमांक पडला, तर प्रत्यक्ष चाचणीशिवाय पर्याय नाही. भारतात स्विच बहुतांशी आयात होऊन येतो, त्यामुळे दुकानाच्या बिलावरील तारखेवरून उत्पादनाचा काळ ठरवू नये.

आवृत्तीचा प्रश्न येथे दुसऱ्या दारातून येतो. चिपमध्ये फ्यूज असतात, आणि काही अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना त्यांतील एखादा कायमचा जाळला जातो. अधिकृत बूटलोडर जळलेले फ्यूज मोजतो. बसवलेल्या आवृत्तीला अपेक्षित संख्येपेक्षा ते जास्त निघाले, तर सुरू होण्यास नकार देतो. अशा प्रकारे जुन्या आवृत्तीकडे परतीची वाट चिपमध्येच बंद केलेली असते. हेकाटे यासारखा पर्यायी बूटलोडर ही मोजणी ओलांडून जातो, पण मग यंत्र प्रत्येक वेळी त्याच्यातूनच सुरू करावे लागते. दुसरे असे, की अॅटमॉस्फियर हे कस्टम फर्मवेअर अधिकृत फर्मवेअरच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नव्याने जुळवावे लागते. नवी आवृत्ती आली की काही दिवस थांबावे, अॅटमॉस्फियर तिला आधार देते का ते पाहावे, आधी ते अद्ययावत करावे आणि मगच अधिकृत आवृत्तीला हात लावावा. क्रम उलटला तर पडदा काळा राहतो.

सराव एसडी कार्डवरील एमुनँडमध्ये, म्हणजे अंतर्गत मेमरीच्या स्वतंत्र प्रतीत करावा आणि त्या प्रतीतून निन्टेन्डोच्या सर्व्हरशी संपर्क होऊ देऊ नये. ऑनलाइन सेवेतून यंत्र बाद होण्याचा धोका खरा आहे.

प्रत्यक्ष काम करताना

बॅकअप हा पहिला टप्पा आहे. तो शेवटी करण्याला काही अर्थ नसतो. थ्रीडीएसवर गॉडमोड९ या साधनाने आणि स्विचवर हेकाटेने अंतर्गत मेमरीची संपूर्ण प्रत घेता येते. ती संगणकावर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर अशा दोन ठिकाणी ठेवावी. ही प्रत त्याच यंत्राच्या किल्ल्यांनी कूटबद्ध असते, त्यामुळे मित्राच्या यंत्रावरची प्रत आपल्याला उपयोगी पडत नाही.

फर्मवेअर लिहिले जात असताना वीज जाऊ देऊ नये. पुण्यात महावितरणच्या देखभालीसाठी अनेक भागांत गुरुवारी वीज बंद असते, म्हणून हे काम गुरुवारी काढू नये. पावसाळ्यात तर कोणत्याही वारी बॅटरी पूर्ण चार्ज करूनच सुरुवात करावी. पीएसपी अपडेटसाठी चार्ज असलेली बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही मागतो, आणि बाजारात मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांचा चार्ज किती ते यंत्राला नीट कळत नाही. जुनी बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल, तर ती वापरूच नये.

मेमरी कार्डाच्या बाबतीत कंजूषपणा महागात पडतो. लेबलवर १२८ जीबी आणि प्रत्यक्षात १६ जीबी अशी कार्डे सर्रास विकली जातात. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते आणि मध्येच तुटलेली निघते. कार्ड आणल्यावर आधी संपूर्ण क्षमतेपर्यंत लिहून व वाचून तपासावे. उतरवलेल्या प्रत्येक फर्मवेअर फाइलची हॅश बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, प्रकाशकाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी.

वाचायला घेतलेले मार्गदर्शन कोणत्या तारखेचे आणि कोणत्या आवृत्तीसाठीचे आहे, हे पहिल्या ओळीत शोधावे. २०१२ मधील व्हिडिओतील पद्धत त्या वर्षी अचूक असेल, आणि आज तुमच्या यंत्रावर घातक. आवृत्तीचा उल्लेखच नसेल, तर ते मार्गदर्शन बाजूला ठेवावे, मग सांगणारा कितीही आत्मविश्वासाने बोलत असो.

कायद्याची बाजू

भारतातील कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षणात्मक तांत्रिक उपाय चुकवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूंसाठी त्याच कलमात अपवादही आहेत. स्वतःच्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणे आणि न विकत घेतलेल्या खेळांच्या प्रती उतरवणे या दोन गोष्टींमध्ये कायदा फरक करतो, म्हणून दुसऱ्या गोष्टीची वाट या लेखात दाखवलेली नाही. पैसे घेऊन दुसऱ्यांची यंत्रे खेळ भरून देण्याचा विचार असेल, तर आधी वकिलाला भेटावे.

काम झाल्यावर

हॅक पूर्ण झाल्यावर एका कागदावर चार नोंदी करून तो यंत्राच्या खोक्यात ठेवावा : मूळ आवृत्ती, सध्याची अधिकृत आवृत्ती, कस्टम फर्मवेअरचे नाव व त्याची स्वतःची आवृत्ती, आणि बॅकअप कुठे आहे ते. कस्टम फर्मवेअरलाही आवृत्त्या असतात आणि अनेक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम, ठरावीक आवृत्तीशीच जुळतात; वर्षभराने एखादे प्लगइन टाकल्यावर यंत्र अडकले, तर पहिला संशय येथेच घ्यावा. पीएसपी सुरू करताना आर बटण धरले, की बहुतेक कस्टम फर्मवेअरचा रिकव्हरी मेनू उघडतो आणि तेथून प्लगइन बंद करता येतात. व्हिटावर एल बटण धरून सुरू केले तर प्लगइन न भरता यंत्र चालू होते. घरातील लहान भावंडांच्या हाती यंत्र जाणार असेल, तर अपडेटचा प्रश्न आल्यावर कोणते बटण दाबायचे नाही, हे त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहावे.